दळणाचा उमेदवार

अख्ख्या नाहूरमध्ये असा एकही पुढारी सापडणार नाही, ज्याला आमच्या थोरल्या वन्संनी दळण आणायला पाठवलं नाही. पक्ष कुठलाही असो, मत मागायला आलेल्याच्या जोडलेल्या हातांत त्या गव्हाचा डबा देणार म्हणजे देणारच. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण आणि आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. मंडळ एरवी हळदीकुंकवाचं नि सहलींचं, पण निवडणूक आली की आजूबाजूच्या सगळ्या बिल्डिंगांतल्या बायका "मंडळ काय म्हणतंय गं?" असं आधी विचारतात. आणि मंडळ म्हणजे वन्सं.

पारखल्याशिवाय वन्संना काही म्हणजे काही चालत नाही. माझं लग्न ठरण्याआधी त्यांनी मला मासळीबाजारात नेऊन पापलेटाचे कल्ले उघडायला लावले. मी न किंचाळता उघडले, म्हणून आज या घरात आहे. सोसायटीला वॉचमन ठेवायचा होता तर प्रत्येकाला आधी झोपवून बघितलं. घोरणारा पसंत, कारण तो झोपला की निदान कळतं! स्वतःचं लग्न मात्र राहून गेलं. बघायला आलेले सगळे नापास झाले.

उमेदवारांची परीक्षा गिरणीत. रांगेत स्वतः उभं राहायचं. डबा ठेवून फिरायला जायचं नाही. "मतां मागूक सगळे येतत, रांगेत रवाक कोण येणा नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका उमेदवाराने कार्यकर्ते पाठवून रांगच उठवली आणि चहा होईपर्यंत पीठ हजर केलं. गहू दिले होते पाच किलो, पीठ आलं दहा किलो, वर स्वतःचा हसरा फोटो. वन्संनी पिठात हात घातला. "गार आसा. गिरणीतला नाय ह्या," म्हणाल्या आणि पीठ परत पाठवलं. दुसऱ्याने रांगेसमोरच भाषण ठोकलं, प्रत्येक गल्लीत एसी गिरणी देण्याचं वचन दिलं आणि डबा विसरून निघून गेला. "दुसऱ्याचो नंबर मारता, तो आमचो नंबर काय लावतलो?" असं म्हणत वन्सं एकेकाला उडवत गेल्या. परिणाम काय, तर मंडळाने आजवर कधी कुणाचं नावच सुचवलं नव्हतं.

यंदा मात्र सेक्रेटरीबाई इरेला पेटल्या. "ताई, या वेळी नाव द्या, नाहीतर खुर्ची सोडा!" भर मीटिंगमध्ये म्हणाल्या. ती खुर्ची म्हणजे प्लास्टिकचीच, लाल रंगाची. पण वन्संचा सगळा जीव तिच्यात. दुसऱ्या कुणाला त्या तिच्यावर ओली पिशवीसुद्धा ठेवू देत नसत.

अशात एक अपक्ष उमेदवार आले. चित्रकलेचे रिटायर्ड सर, एकटेच राहणारे, निशाणी बादली. डबा घेऊन निमूट गिरणीत गेले. तास गेला, दोन तास गेले, पत्ता नाही. मला पाठवलं बघायला. तर सर रांगेच्या शेवटी! नंबर जवळ आला की मागे एखादी म्हातारी, नाहीतर कडेवर मूल घेतलेली बाई दिसायची आणि सर म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे." शेवटी गिरणी बंद झाली. सर रिकाम्या हातांनी आले. "ताई, डबा तिथंच ठेवलाय. उद्या नक्की आणतो."

मंडळात भडका उडाला. "अहो, हा स्वतःचा नंबर सोडतो, उद्या आपलं पाणी भांडुपला सोडेल!" सेक्रेटरीबाई ओरडल्या. खरं सांगते, मलाही पटलं होतं. पण वन्सं उठून उभ्या राहिल्या. "जो म्हातारीक पुढे सोडता, तो आमका विकूचो नाय. मी ह्येचा नाव देतंय. तो पडलो तर खुर्ची सोडतंय."

सर पडले. साधे नाही, डिपॉझिटसकट. कारण प्रचाराचे उरलेले दिवसही ते गिरणीतच होते, आमच्या दळणासाठी. रोज जात आणि रोज नंबर सोडून येत. काय म्हणायचं या माणसाला!

निकालाच्या दिवशी खाली ढोलताशे वाजत होते. वन्संनी ती लाल खुर्ची पुसली आणि म्हणाल्या, "सेक्रेटरीकडे नेऊन दी गो." मला फार वाईट वाटलं. मी खुर्ची उचलली, दार उघडलं, तर समोर सर. केसांवर पीठ, हातात आमचा डबा.

"आज सगळे मिरवणुकीत. गिरणीत कोणीच नव्हतं. लागला एकदाचा नंबर," सर म्हणाले.

वन्संनी झाकण काढून पिठात हात घातला. बराच वेळ काढलाच नाही. "गरम आसा," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "खुर्ची ठेव खाली. दमलेत ते, बसांदे."

खुर्ची दुसऱ्या दिवशी गेलीच. आता मंडळासाठी उमेदवार सेक्रेटरीबाई पारखतात, म्हणजे बॅनर कुणाचा मोठा ते बघतात. वन्संचे गुडघेही गेले. दळण सर आणतात, दर रविवारी. आमच्या चपात्यांना दुपारचे तीन वाजतात, नवरा भुकेने करवादतो. वन्सं मात्र गॅलरीत रस्त्याकडे डोळे लावून खुशाल बसलेल्या असतात.

"येतले गो," म्हणतात. "म्होरे कोणाची तरी म्हातारी आसतली."