जवायाचा मान आन सायकलची कॉटर

सायकल दुरुस्तीत अख्ख्या आमगावात माह्या सासऱ्याच्या खालोखाल माहाच नंबर लागते. रेल्वे फाटकाजवळच्या त्यायच्या दुकानात आमी दोघंच जन हाओ, म्हनून मोजाले सोपं जाते. त्यायच्यासारखा मिस्तरी गोंदियापासून देवरीपर्यंत नाई, हे मी सांगाची गरज नाई. ते सोताच सांगतेत. मी दुसऱ्या वर्गातूनच शाळा सोडली, नागपुरात धा वर्सं सिमेंटच्या गोन्या उचलल्या, आन लॉकडाऊनमधी तेही काम गेलं तवा बायकोनं मले आपल्या बापाच्या दुकानात आनून बसवलं. बसवलं म्हंजे खरंच बसवलं. दुकान म्हंजे घराचीच समोरची पडवी. तिथं एकच खुर्ची. मामाजींनी, म्हंजे माह्या सासऱ्यानं, पयल्या दिवशी ती खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसली, मले बसाले देली, चहा मांगवला आन सोता स्टुलावर बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. गिऱ्हाइक उभे आन मी खुर्चीवर, गावच्या सरपंचावानी. आठव्या दिवशी लाज वाटली म्हनून मीच पंचर काढाले खाली बसलो.

मामाजींचा एक नेम हाये. जवायाले उलटा शब्द बोलाचा नाई. जवाई म्हंजे घरचा देव, आन देव कसाही असला तरी त्याले पूजाच लागते. पन हा देव तं रोज चुकून राहिला, मंग राग जाइल कुठं? मामाजींनी त्याचा उपाय काढला. ते सायकलले बोलतेत. एकदा मी टायर उलटा बसवला. ते मले म्हनले, "जवाईबापू, थकले असान, पानी घ्या." आन मंग सायकलकडं वळून, "काऊन वो माय, तुले कोन्या बैलानं हात लावला? नाई वो, बैलाले काऊन बदनाम करू, बैल तं नांगर सरळ ओढते!" सायकल गुपचूप ऐकून घेते. मी पानी पेतो. चार वर्सांत मी लय पानी पेलो.

गोंदियाचा एक भाऊ हवा भराले थांबला होता, तो घाबरून म्हनला, "चाचा, साइकिल को काय को गाली देते?"

"क्या करूँ बाबू," मामाजी म्हनले, "एक यही तो सुनती है मेरी."

पन त्यायचं खरं येड म्हंजे क्रँक, पायडलचा दांडा. कोनी म्हनलं, "मिस्तरी, कटकट वाजते," तं मामाजी सायकलकडं पाहातच नाईत. डोळे मिटतेत आन म्हनतेत, "फाटकापर्यंत जाऊन ये." मानूस वापस येते तवरीक आवाजावरूनच मामाजींचा निकाल ठरला असते. मंग माह्यासारख्याले पटावं म्हनून दोन हातानं दोन दांडे धरून हलवून दाखवतेत. दोन्ही संगच डुगडुगले तं आतले छर्रे, म्हंजे बेरिंगच्या गोळ्या, गेल्या. एक डुगडुगला आन दुसरा ठप्प, तं कॉटर गेली. कॉटर म्हंजे करंगळीएवढी लोखंडी खिळी, एका बाजूनं तासलेली. तीच दांड्याले मधल्या एक्सलशी धरून ठेवते. ती झिजली का पायडल दाबलं का कट्, दाबलं का कट्.

काढलेली कॉटर ते उजेडात धरून वाचतेत. मले अक्षर वाचता येत नाई, हे लोखंड वाचतेत. बाजूच्या गावचा एक पाटील सायकल घेऊन आला. मामाजी कॉटर फिरवून फिरवून पाहात म्हनले, "पाटील, तुमी तं काडीपैलवान. एवढा खोल खड्डा तुमच्या भारानं पडत नाई. हे सायकल कोनीतरी डबलशीट घेऊन चढावावर हानते." पाटलानं घरी जाऊन पोराले धरलं. वैशाखात आमी त्या पोराच्या लग्नात जेवलो. मामाजींनी पंगतीतून नवरीकडं एकदा पाहिलं आन माह्या कानात म्हनले, "पंचावन किलो. अंदाज बरोबर होता."

अशा मानसाच्या दुकानात चार वर्सं राहून मले क्रँकले हात लावाले भेटला नाई. हातोडा उचलला का लगेच, "जवाईबापू, कायले हात काळे करता?" लोकायले वाटे, काय नशीब काढलं पोट्ट्यानं! पन पाहुना म्हनून एक दिवस राहानं सोपं, चार वर्सं राहून पाहा. बायको शेजारनीले सांगे, "आमच्याकडचे दुकानात बसतेत." काम करतेत, असं तिच्या तोंडातून कधी निघालं नाई. खोटं बोलाची तिले सवय नाई. मले मिस्तरी व्हाचं होतं, बस.

यंदा दिवाळीनंतर मामाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हनला, "महिनाभर झुकना नहीं, ठोकना नहीं." आन तिसऱ्याच दिवशी बायकोची सायकल कटकट करू लागली. ती अंगनवाडीत सेविका हाये, सहा किलोमीटरवरच्या गावाले रोज सायकलनं जाते. मी छाती ठोकून म्हनलं, "मी हाओ ना!" तिनं देव्हाऱ्याकडं पाहिलं.

पयले मले वाटलं, पायडल वाजते. नवीन टाकलं. कटकट. चैनले तेल पाजलं. कटकट. सीटखालचे नट कसले. सीट हलाची बंद झाली, कटकट चालूच. तवा कुठं डोस्क्यात आलं, दांडे हलवून पाहावं. डावा डुगडुगला, उजवा ठप्प. कॉटर! मले एवढा आनंद झाला का मी दोन्हीकडच्या नव्या ठोकल्या. दोन्ही कशा, नट वर करून, एका तोंडानं, प्रार्थनेले उभ्या राहिलेल्या पोट्ट्यायवानी शिस्तीत. मी दोनदा दूर जाऊन पाहून आलो.

आता कॉटर उलटसुलट बसवाच्या असतेत. दांडे आडवे धरले का एकीचा नट वर, दुसरीचा खाली. नाई तं दोन पायडल समोरासमोर येत नाईत, एक पुढं पळते आन सायकल लंगडते. हे जगाले मालूम होतं. मले संध्याकाळी मालूम झालं.

बायको आली ते घामानं निथळत. "पाय धरून आले माहे! अंगनवाडीतले पोट्टे मागून लंगडत नाचून राहिले! आन उद्या त्यायचं वजन कराचं हाये, सकाळीच पोचाचं हाये."

मामाजी काळा चष्मा लावून स्टुलावर बसले होते. त्यायले धड काइ दिसत नोहोतं. पन अंगनात सायकल शिरली तशी त्यायनं मान वर केली होती. सायकलले म्हनले, "माय वो, दोन्ही कॉटर एका तोंडानं? तुले कोन्या जनमाची सजा भेटली?" मी पानी प्याले उठलो, तं म्हनले, "जवाईबापू, बसा खाली. मले ठोकाले मनाई हाये. धराले नाई."

सायकल उंच टेबलावर आडवी टाकली. त्यायनं लोखंडी नळीचा टेकू क्रँकखाली दोन्ही हातानं धरला. टेकू नसला तं सारा मार आतल्या छऱ्यायले लागते. एका डोळ्यावर ऑपरेशन, दुसरा तसाही अर्धाच, आन हात माह्या हातोड्याखाली. मी हळूच टुकटुक केलं. ते म्हनले, "जोरानं. ते देवापुढची घंटी नोहोय." मी जोरानं हानला. हातोडा सटकला आन त्यायच्या अंगठ्यावर बसला.

बायको किंचाळली. मामाजींनी तोंड उघडलं, सायकलकडं वळले, आता हिचं काइ खरं नाई असं मले वाटलं. पन त्यायनं अंगठा धोतराले पुसला आन वापस तिथंच, टेकूवर ठेवला.

"मार," म्हनले.

मी मारला. कॉटर निघाली, फिरवून घातली, बसली. बायको फाटकापर्यंत जाऊन आली. मामाजींनी डोळे मिटले, मीही मिटले. चैनीची सळसळ ऐकू आली, बाकी काइ नाई. मामाजींचा अंगठा सुजून जांभळा पडला होता. तो अंगठा कुरवाळत ते हळूच म्हनले, "नव्या सायकलीले तं कॉटरच येत नाई आता. कोन आनीन हे कटकट माह्याकडं?" मी त्यायच्याकडं पाहिलं. त्यायचे केस एवढे पांढरे कवा झाले, मी पाहिलंच नोहोतं.

मंग माहा सोभाव. मी खुर्चीवर पाठ टेकून बसलो, पाय पसरले आन म्हनलं, "मामाजी, आता तं मी मिस्तरी झालो ना?"

त्यायनं सायकलकडं पाहिलंच नाई. चष्मा काढून सरळ माह्याकडं पाहिलं, चार वर्सांत पयल्यांदा.

"अबे गधड्या, मिस्तरी स्टुलावर बसते. ऊठ माह्या खुर्चीवरून!"