दाराबाहेरच्या चपला

दार उघडण्याआधी ती खाली वाकायची. आलेल्यांच्या चपला उचलून पिशवीत भरायची आणि मगच म्हणायची, "या, आत या." तुम्ही म्हणाल, ही कसली रीत? अहो, दोह्याच्या अल हिलाल वस्तीत शुक्रवारी एका दारापुढे चपलांचा ढीग दिसला, की अख्ख्या इमारतीला कळायचं, आत प्रार्थना चाललीय. तेव्हा कतारमध्ये चर्च नव्हतं. आम्ही वसईचे कॅथलिकसुद्धा कुणाच्या तरी व्हिलात खिडक्या लावून मिस्सा ऐकायचो.

तीही वसईचीच. हॉस्पिटलात नर्स, राहायला माझ्या समोरच्या दारात. पण आमच्यातून फुटलेली. तिच्या मंडळीत फादर नाही, मूर्ती नाही, गाणंसुद्धा नाही. नुसतं गप्प बसायचं. कुणाला आतून वाटलं तर दोन शब्द बोलायचे. आमचे हे चिडवायचे, "दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे दिसता गं सगळे!"

"हो काका, डॉक्टर उशिरा येतो, पण येतो," ती हसायची.

बाकी आमच्या लोकांना त्यात हसू दिसत नसे. ती लिफ्टमध्ये शिरली की सगळे आपापल्या मोबाईलकडे बघायचे.

एका शुक्रवारी तिची ड्यूटी लांबली. मंडळी तिच्या चावीने आत जाऊन बसली. आपल्या माणसांची सवय तुम्हाला ठाऊकच आहे, पायातलं बाहेर काढल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकवत नाही. चपला दारातच राहिल्या आणि त्यांत रास लफानच्या गॅस प्रकल्पातल्या एका टेक्निशियनचे लोखंडी टोकाचे बूट. कुणी कळवलं, देव जाणे. दुसऱ्या दिवशी तिला पोलिसांचं बोलावणं आलं.

परतली ती थेट माझ्या स्वयंपाकघरात.

"काय विचारलं गं?"

"कोण कोण येतं. ते बूट कोणाचे. उद्यापर्यंत नावं द्या म्हणाले."

"सांग ना, वाढदिवस होता म्हणून! केक मी केला होता म्हणून सांगते."

"मावशी, खोटं नाही बोलायचं."

"मग नावं देणार?"

"तीही नाही."

"अगं बाय, तुलाच घालवतील! तिकडे वसईत तुझ्या आईच्या डायलिसिसचे पैसे कोण भरणार मग?"

साखर कधीच विरघळली होती, तरी ती चहा ढवळत राहिली.

व्हिसा रद्द झाला. मंडळी पांगली, निरोपालाही कुणी आलं नाही. विमानतळावर आम्ही दोघंच गेलो. पुढच्या मिस्सेनंतर आमच्यातली एक बाई म्हणाली, "बरं झालं, पीडा टळली."

काही वर्षांनी शहराबाहेर चर्चला परवानगी मिळाली. बसमधून उतरलो, झडती दिली, आत गेलो. केवढी गर्दी, केवढं गाणं! मागच्या बाकावर तो टेक्निशियन दिसला. त्याच्या मंडळीला तिथे जागा नव्हती, म्हणून आमच्यात येऊन बसला होता, ओठ मिटून.

"फोन करतोस का रे तिला?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. "नंबर आहे, मावशी. लावत नाही. कुणी ऐकेल असं वाटतं अजून."

"आणि तिची आई?"

"गेली म्हणतात. त्याच वर्षी."

मी त्याच्या शेजारी बसले. पुढे लोक गात होते.