गेलो म्हणजे दर्याने नेला

सोमवार, ६ मार्च १९६१. सकाळी साडेआठ. कुणकेश्वराकडे जाणाऱ्या किनाऱ्यावरची सुरूच्या झाडांची लागवड.

हजर: पुण्याहून आलेले पाहुणे साहेब. आमचे साहेब. हेडक्लार्क. मालवणचा फोटोवाला. इतर मजूर.

भेटीच्या अहवालात एवढीच यादी आहे. ती मीच टाइप केली. इतर मजूर म्हणजे कोण, ते आता लिहितो. जनाबाय, सुंदरा, भागी, चंद्रा, थोरली गंगू, धाकटी गंगू, माझी आये आणि मी. बायका आठ असायच्या, त्या दिवशी सात होत्या का सहा, हे मी तीनदा पडताळून पाहिले आहे. सहा आणि आये. मी आठवा.

माझे वय तेव्हा छत्तीस. मॅट्रिक झालेला. टायपिंग सावंतवाडीत शिकलो. जंगल खात्यात रोजंदार मोजणीदार. मोजणीही करायचो, कचेरीत टाइपही करायचो. अंगात पांढरा शर्ट, खिशाला पेन.

आमच्या साहेबांना वनशास्त्राच्या एका इंग्रजी जर्नलला निबंध पाठवायचा होता. वाळूवर सुरूची रोपे किती जगतात, या विषयावर. त्यासाठी फोटो हवे होते. सोळाव्या रांगेतले नववे झाड चांगले वाढले होते. साहेब म्हणाले, शेजारी माणूस उभा करा, म्हणजे उंचीची कल्पना येते. माझ्याकडे बोट झाले. मी जाऊन उभा राहिलो. मला आनंद झाला होता, हे लपवीत नाही. माझा फोटो छापून येणार होता.

फोटोवाल्याने काळ्या कापडात डोके घातले. तेवढ्यात साहेब म्हणाले, "थांब. ते पेन काढ. आणि शर्टही काढ. मजूर दिसायला हवास."

मी पेन काढले. कुठे ठेवावे कळेना. आयेने हात पुढे केला, तिच्या हातात दिले. मग शर्ट काढला. बटणे पाच. एकेक काढताना बायकांनी बघणे सोडून दिले, वाळूकडे पाहू लागल्या. मी उघड्या अंगाने झाडाला लागून उभा राहिलो. हात कुठे ठेवू विचारले. खाली सोड म्हणाले.

हा अपमान साहेबांनी केला. पुढचा मी केला.

लागवडीची मोजणी आम्ही अशी करायचो. प्रत्येक रांगेला एक बाई. ती रोपापाशी उभी राहून ओरडून सांगायची, मी वहीत लिहायचो. शब्द तीनच. जितो, मेलो, गेलो. जितो म्हणजे जगलेला. मेलो म्हणजे जागच्या जागी सुकलेला, काटकी उभी आहे. गेलो म्हणजे रोपही नाही, काटकीही नाही, खड्डासुद्धा नाही. उधाणाला वाळूसकट दर्याने नेला. कोणी उपटून नेला तर खड्डा राहतो, तुटका बुंधा राहतो. हे समजावून सांगायची आमच्यात कधी गरज पडली नव्हती. वहीत मी जि, मे, गे एवढेच लिहायचो.

फोटो झाल्यावर पाहुण्यांनी वही मागितली. पाने उलटली. गे वर बोट ठेवले. हे काय, म्हणून आमच्या साहेबांना विचारले. साहेबांनी मला विचारले. मी अजून उघडाच होतो.

"गेलो, साहेब."

"गेला म्हणजे? मेला की नेला?"

"गेलो, साहेब."

"कुठं गेला? मुंबईला चाकरीला?"

पाहुणे हसले. हेडक्लार्क जास्त हसला. मग साहेब पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "नेला असणार. इथं खाली महारवाडा आहे. जळणाला नेत असतील. काय रे, तुमच्याच लोकांनी नेली ना?"

मी म्हणालो, "होय साहेब."

का म्हणालो? घाबरलो होतो म्हणून, असे पुष्कळ वर्षे स्वतःला सांगितले. ते खरे नाही. मला शर्ट हवा होता. होय म्हटले की बोलणे संपते आणि शर्ट घालता येतो, एवढेच त्या वेळी डोक्यात होते. होय साहेब हे शब्द माझ्या तोंडात बसलेलेच होते. विचारले काय हे ऐकायच्या आधी बाहेर पडायचे. पाच बटणांसाठी मी आख्खी वाडी चोर ठरवली. आम्ही तोवर बौद्ध झालो होतो. सभेत उभे राहून बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या. साहेबांनी वाडीचे जुने नाव घेतले तेही मी दुरुस्त केले नाही.

बायकांनी सगळे ऐकले. परत येताना त्या माझ्या पुढे चालत होत्या. वाडीच्या चढणीवर जनाबाय मागे वळून म्हणाली, "शर्ट काढलंस तां बरां केलंस. घटकाभर आमच्यातलो दिसलंस."

आयेने घरी पोचेपर्यंत पेन मुठीत धरले होते. देताना म्हणाली, "तू व्हय कित्याक म्हटलंस?"

मी म्हटले, त्याने काय होते आहे.

"ती दर्यान न्हेली. माका म्हायती आसा, तुका म्हायती आसा. मगे व्हय कित्याक?"

मी हात पुढे केला. पेन घेतले.

काय होते ते महिनाभरात कळले. निबंध टाइप करायला माझ्याकडेच आला. जर्नलचे नियम वेगळ्या कागदावर होते. दोन प्रती. दोन ओळींत दुप्पट अंतर. डाव्या बाजूला रुंद समास. कोष्टके स्वतंत्र कागदावर. फोटो चकचकीत कागदावर, मागे पेन्सिलने क्रमांक, मजकूर वेगळा. मी नियमांना आकडे घातले, एकेक झाला की खूण केली. असले काम मला आवडते. आजही आवडते.

सातव्या पानावर तो परिच्छेद होता. नाहीशी झालेली रोपे जवळच्या खालच्या वस्तीतील लोकांनी जळणासाठी नेली, असे मोजणीवरून दिसते. वस्तीतून लागवडीत येणारी वाट बंद करावी आणि गावाच्या बाजूने तार घालावी.

ती वाट आमची. पातेरा, गळलेला सुका पाला, त्या वाटेने आणायचा. वाळूतल्या शिंपल्या, तिसऱ्या, काढायला त्या वाटेने जायचे. आमचे मसण पलीकडच्या वाळूत, मेलेले माणूस त्या वाटेने न्यायचे. दुसरी वाट म्हणजे खाडीच्या कडेने, खडपावरून, निसरड्या खडकांवरून. तीही ओहोटी असली तर.

मी तो परिच्छेद टाइप केला. कार्बन नीट सरकवून, न थांबता. नंतर वाचून पाहिला. एकही चूक नव्हती. टाइपाला अक्षर नसते, ते कोणाचेही असू शकते, असे मी मनाला समजावले. शेवटी फोटोंचा मजकूर. छायाचित्र दोन: सुरू, रांग सोळा. उंचीच्या कल्पनेसाठी शेजारी मजूर उभा आहे. तेही टाइप केले. पाकीट मीच शिवले, सावंतवाडीच्या पोस्टात मीच रजिस्टर केले. पावती फाइलला लावली.

पाच महिन्यांनी जर्नलचे पत्र आले. भाषा सभ्य. निबंध उपयुक्त आहे, पण तपासणाऱ्यांच्या दोन शंका आहेत. रोपे माणसांनी नेली हे कशावरून ठरवले? आणि नाहीशी झालेली रोपे भरतीच्या रेषेपासून किती अंतरावर होती? मूळ मोजणीवही पाठवावी.

पत्र उघडून फाइलला लावणे माझे काम. मी ते दोनदा वाचले. कुठल्या गावचा तो तपासणारा, त्याने आमचा दर्या पाहिला नव्हता. पण जे मला विचारायला हवे होते ते त्याने विचारले. त्या दुपारी मी वही काढून गे ची झाडे रांगेप्रमाणे मांडली. बहुतेक सगळी पहिल्या चार रांगांत, दर्याच्या तोंडाशी. आमची वाट विसाव्या रांगेमागून जाते. तिथे गे जवळजवळ नाही. हे शोधायला शास्त्र लागले नाही, रेघा मारलेला एक कागद लागला. साहेबांनी तो मांडला नव्हता. मीही मांडला नव्हता, आणि मला तर आधीच माहीत होते.

कागद घेऊन मी साहेबांच्या खोलीत गेलो. पत्र त्यांच्या पुढ्यात होते. मी बोलायच्या आधी त्यांनी एक कोरी वही माझ्याकडे सरकवली. जुनी वही गिचमिड आहे, गावठी भाषेत आहे, पाठवण्यासारखी नाही, म्हणाले. स्वच्छ उतरवून काढ. गे आहे तिथे चोरी असे लिही. शाई तीच वापर. तुझे अक्षर चांगले आहे. मार्चनंतर कायम कारकुनाची एक जागा होणार आहे, तुझे नाव माझ्या डोक्यात आहे.

मी पेन काढले. टोपण उघडून पहिल्या पानावर रेघ मारली. तारखेचा रकाना, रांगेचा रकाना, झाडाचा क्रमांक. चौथ्या रकान्याला डोक्यावर नाव घालायचे होते. तिथे थांबलो. टाइपाला अक्षर नव्हते. याला होते. माझे होते. डोळ्यांपुढे रांगेत उभी राहून आये ओरडत होती, गेलो, गेलो, गेलो, आणि मला चोरी लिहायचे होते.

मी म्हणालो, "साहेब, गेलो म्हणजे दर्याने नेला. त्या दिवशी मी खोटे होय म्हटले."

"तुला कोणी विचारलं?"

"त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं."

साहेबांनी पत्राची घडी घातली. मग अगदी शांतपणे म्हणाले, "तू मोजायचं. अर्थ मी काढायचा. लिहितोस ना?"

"हे माझ्या हाताने होणार नाही."

"मग दुसऱ्याच्या हाताने होईल."

मी रांगांचा कागद टेबलावर ठेवला. पेनाला टोपण घातले, खिशाला लावले आणि बाहेर आलो.

दुसऱ्याच्या हाताने झाले. हेडक्लार्कने चार दिवसांत वही उतरवली. महिनाअखेर मला कामावरून कमी केले. पुढच्या वर्षी निबंध छापून आला. मी अंक पोस्टाने मागवला. सातव्या पानावरचा परिच्छेद जसाच्या तसा. स्वल्पविरामसुद्धा माझे. छायाचित्र दोन स्पष्ट आले आहे. झाडाच्या बुंध्याची साल दिसते. माझ्या बरगड्या दिसतात. त्या पावसाळ्याआधी वाटेवर तार आली.

मी नाही म्हटले, पण उशिरा म्हटले. वाडीत कोणी मला तोंडावर बोलले नाही. पातेऱ्याची पाटी घेऊन खडपावरून येणाऱ्या बायका समोर आल्या की मी रस्ता बदलायचो. आये १९६६ साली मेली. लोक विचारायला यायचे, आये गेली म्हणे. मी म्हणायचो, मेली. माझ्या वहीत गेलो म्हणजे दर्याने नेला, आणि आयेला दर्याने नेले नव्हते. तिला आम्ही खडपावरून नेले. भरती होती. पाणी उतरेपर्यंत तिरडी खाली ठेवून बसलो. तारेपलीकडे आमची वाट सरळ दिसत होती. जनाबाय शेजारी बसली होती. काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

तेराव्याची वाट पाहिली नाही, आमच्यात आता तेरावे नाही. चौथ्या दिवशी मी जनाबायकडे गेलो आणि म्हटले, मोजणी पुन्हा करायची आहे, येणार का. ती म्हणाली, "शर्ट घालून येतलंस तर येतंय."

तेव्हापासून दर वर्षी दोनदा करतो. मी आता कुडाळला एका शाळेत कारकून आहे, सुट्टी बघून येतो. ओहोटीला दर्याच्या बाजूने आत शिरतो. बायका रांगेने उभ्या राहून ओरडतात. जितो, मेलो, गेलो. पहिली वही कचेरीत राहिली, पण रांगांच्या कागदाची कार्बन प्रत मी काढली होती. सवयीने. ती माझ्याकडे आहे. तार आल्यापासून त्या लागवडीत वाडीतले कोणी जळणाला गेलेले नाही. तरी झाडे जातच आहेत. आधीच्या चार रांगा संपल्या, आता पाचवी आणि सहावी. तार दर्याला कोणी घातली नव्हती.

एवढेच माझ्या निबंधात आहे. साडेचार पाने, इंग्रजीत. त्याच जर्नलला गेल्या वर्षी पाठवला. परत आला. नियमाप्रमाणे संस्थेच्या प्रमुखांमार्फत यावा, आणि फोटो जोडावा, असे लिहिले होते. हेडमास्तरांना सही मागितली. ते म्हणाले, शाळेचा आणि सुरूचा काय संबंध. खरे आहे. आता मार्फत या शब्दापुढे मी रेघ मारली आहे आणि पदनामाच्या जागी मोजणीदार लिहिले आहे. परत आला तर पुन्हा पाठवीन.

आज रविवार, २ नोव्हेंबर १९६९. यादी बघतो आहे.

दोन प्रती झाल्या. दुप्पट अंतर, समास झाले. कोष्टक वेगळ्या कागदावर झाले. लेखकांची नावे: माझे, जनाबाय, सुंदरा, भागी, चंद्रा, थोरली गंगू, धाकटी गंगू आणि आये. आयेचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. झाले. फोटोखालचा मजकूर टाइप झाला. छायाचित्र एक: सुरू, रांग सोळा, झाड नऊ. शेजारी लेखक.

फोटो राहिला आहे.

झाड तारेच्या आत आहे. ओहोटी बघून दर्याकडून गेलो तर पोचता येते, मोजणीला तसाच जातो. फोटोला तसा जाणार नाही. फोटोवाल्याला पुढच्या रविवारी सकाळी साडेआठला बोलावले आहे. बायकांना सांगितले आहे. जाणार ते आमच्या वाटेने, दिवसाउजेडी, आणि तार कापून. जो शिपाई विचारील त्याला काय सांगायचे, तेही ठरवले आहे. होय साहेब सोडून काहीही.

पक्कड अजून आणायची आहे.