तिसरा प्लग

हे मी घरातही कधी बोललेलो नाही. बायकोला अजून वाटतं, गाडी म्हात्रेंनीच बिघडवली होती. तुम्हाला सांगतोय — आजच का, ते मलाही नीटसं कळत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नेरुळला सोसायटीचा मी सेक्रेटरी. जुनी मोटार घेतली होती. ऑइल कधी बदललं, टायरमध्ये हवा किती, सगळं वहीत लिहायचो. शेजारच्या सारसोळे गावातले म्हात्रे दर रविवारी आमच्या इमारतीखाली गाड्या दुरुस्त करत. आधी होड्यांची इंजिनं बघायचे. लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे — झाली तपासणी.

"शेक्रेटरीसाहेब, वहीत काय ऐकू येत नाय," एकदा चारचौघांत म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. हसलो का? दात दाखवले, एवढंच.

एका रविवारी त्यांनी इंजिनात चार नवे स्पार्क प्लग बसवले. इंजिन झकास चालू लागलं. ते गेल्यावर मला राहवेना. प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते ती फट नुसत्या नजरेने लावलेली — बरोबर कशी असेल? चारही प्लग काढले, मापाची पट्टी घालून फट मोजली. पॉइंट आठ मिलिमीटर, हवी तेवढीच. चारही. परत बसवताना एक हातातून निसटून फरशीवर पडला. पुसला, बसवला. वहीत फटी लिहिल्या. पडल्याचं — नाही लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून गाडी अडखळू लागली. आठवडाभर मी पेट्रोल तपासलं, वायरी तपासल्या, आणि जो भेटेल त्याला सांगितलं, म्हात्रेंचा हात लागल्यापासून ही अशी झाली. प्लग पडलेला आठवत नव्हता का मला? आठवत होता.

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये शेजारी जमले. म्हात्रेंनी चालू इंजिनावर प्लगची एकेक वायर काढून पाहिली. पहिली काढली, आवाज बदलला. दुसरी, तसंच. तिसरी काढली — काहीच फरक नाही.

"तिसरा गप हाय. साहेब, प्लग कुनी काढला व्हता? पडलाबिडला व्हता का?"

"नाही."

 ते हात पुसत म्हणाले, "तुमी लिवून ठेवनारा मानूस. तुमी नाय म्हनता म्हंजे नाय. माजाच हात चुकला असंल."

नवा प्लग आणून बसवतो म्हणाले. मी नको म्हटलं. ते वळले, शेजारी पांगले, तेव्हा तिसरा प्लग दुसऱ्याच्या जागी लावून पाहिला. आता दुसरा गप. दोष प्लगबरोबर फिरत होता. त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी चीर होती. म्हात्रे अजून गेटपाशी बिडी ओढत उभे होते — मला दिसत होते. एक हाक पुरली असती.

नवा प्लग मीच बसवला. म्हात्रेंचं सगळं काम नव्याने करावं लागलं, असं कमिटीत सांगितलं. कमिटीने ठरवलं, बाहेरच्या मेकॅनिकला आत प्रवेश नाही. नोटीस मी लिहिली. सुवाच्य अक्षरात.

वर्षभराने ते सानपाड्याला बसस्टॉपवर भेटले. रबाळ्याच्या एका कारखान्यात माल उचलायच्या कामाला लागले होते.

"गाडी बरी हाय ना?"

"बरी आहे."

"बरं झालं. टेन्शन व्हतं मना." मग हसून म्हणाले, "आता कुनाच्या इंजिनाला हात नाय लावत, साहेब. कानाचा भरवसा गेला."

 बस आली, चढलो.

त्यांचा कान बरोबर होता. प्लग माझ्या हातून पडला होता.