होली काऊ आणि आमचे जावई

आमचे जावई नत्थूजी गेले, ही बातमी कामठ्याला आली तेव्हा मी खळ्यावर धानाच्या चुरणीत, म्हणजे मळणीत होतो. सांगणाऱ्याला मी आधी विचारलं, "नक्की गेले? कोणी पाहिलं?" कारण नत्थूजींविषयीची कुठलीच बातमी मी कधी अर्ध्याहून जास्त खरी धरली नाही...

लढाईच्या काळात हा माणूस गोंदियाच्या फलाटावर अमेरिकन सोल्जरांना चहा विकायचा. तिथून कमावून आणलं काय, तर एक उद्गार, "होली काऊ!" वांगं मोठं निघालं, होली काऊ. गाडी वेळेवर आली, होली काऊ. शेजारची म्हातारी वारली तेव्हाही असे ओरडले, की ती तिरडीवर उठून बसली नाही एवढंच!

स्वातंत्र्यानंतरच्या दिवाळीत, मंडईच्या म्हणजे गावजत्रेच्या दिवशी, ते माझ्या धाकट्या बहिणीला, सगुणाला, पाहायला आले. मंडईला गावोगावचे पाहुणे जमतात आणि आमच्याकडची लग्नं तिथेच ठरतात. वडिलांनी विचारलं, "होली काऊ मंजे काय जी?"

"पवित्र गाय, मामाजी. नवल वाटलं का साहेब गाईचं नाव घेते. गोंदियाच्या रुळावर आपली गाय बसली, मेल थांबली, लोकायनं हात जोडले... तवापासून सारी विलायत म्हणून राहिली."

वडिलांची छाती अशी फुगली की सदऱ्याच्या गुंड्या बोदलकशाच्या तलावात जाऊन पडल्या असतील.

तेवढ्यात आमच्या शाळेच्या मास्तरांनी कप खाली ठेवला. "साफ खोटं. नवल वाटलं की साहेबांच्या तोंडात देवाचं नाव येतं. ते उगाच घेणं त्यांच्यात पाप, म्हणून देवाच्या जागी गाय घातली. आणि गायच का? आपण तिला पुजतो, त्याची थट्टा!"

बैठक थंड पडली. दाराआड सगुणाचा चेहरा उतरला. मी मात्र मनातल्या मनात पेढे वाटले.

नत्थूजी म्हणाले, "मास्तर खरं बोलून राहिले. साहेब हासतच होता. तो बोल मीच धुऊन आणला."

"कायले धुतला?"

"आपल्या गाईवरचं हासणं घरी कसं आणू, मामाजी?"

वडील उठले आणि त्यांनी तांबडी गाय सोडली. आमच्या घरची रीत अशी, की पाहुण्याने आधी गाईला खिचडी भरवायची. तिने मारलं तर सोयरीक मोडली. आधीच्या एका पोराला तिने असं उडवलं, की तो थेट सडक अर्जुनीला उतरला म्हणतात. नत्थूजींच्या हातची खिचडी मात्र तिने खाल्ली, वर कोपरापर्यंत चाटलंही. एका खादाड जनावराने माझ्या बहिणीचं लग्न ठरवलं!

पुढे थापा वाढतच गेल्या. गोष्टीतल्या साहेबाचा गव्हर्नर झाला आणि गाय तर नत्थूजींच्याच घरची निघाली.

ते गेल्याची बातमी मात्र पूर्ण खरी निघाली. परवा सगुणाकडे गेलो. गोठ्याच्या ओट्यावर त्यांची बाज अजून तशीच, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून. म्हटलं, "उचल ना आता हे."

"राहू दे, भाऊ. साऱ्या दुनियेले होली काऊ म्हणत. इथं बसून मले पाहत, तवा मात्र तोंडातून शब्द निघत नव्हता."

मी बाजेवर हात टेकला. सुंभ मधोमध, ते बसत तिथे, अजून खोलगट होता...