खोटी पेशंट

मावशी इस्पितळात वीस वर्षं फरशा पुसत होत्या. त्यातली नऊ वर्षं, वर्षातून एक दिवस, त्या पेशंट होत्या. खोट्या. मेडिकलच्या पोरांना गर्भनिरोधनाचा सल्ला द्यायला शिकवायचं, तर समोर कुणीतरी बाई हवी. त्यांना शिकवणाऱ्या मॅडमनी मावशींना हेरलं, कारण लाज कशाशी खातात ते मावशींना ठाऊक नव्हतं.

मॅडम दरवर्षी एक कागद द्यायच्या. यंदाचा होता: वय चोवीस, लग्नाला दोन वर्षं, इतक्यात मूल नको, सासूचा तगादा. मावशींचं वय बावन्न. त्यावर कुणी हसायचं नाही, असा नियम होता. पोरं तांबी, गोळ्या, इंजेक्शन घडाघडा म्हणत, आणि शेवटी मावशी मार्क देत. बाईला काय हवंय ते न विचारता पाढे म्हणणाऱ्याला शून्य, वर "बाळा, मी काय भिंत आहे?" हे फुकट.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. सून घरात येऊन दोन वर्षं झाली होती, आणि ती कामावरून आली की मावशी विचारत, "काय गं, काही आहे का?" सून "बघू" म्हणे आणि चपला काढे. आता रविवारी मुलगा-सून वेगळ्या खोलीत राहायला चालले होते. कामाची जागा जवळ पडते म्हणे. पोटच्या पोराने घर सोडावं, असं आपण कुणाचं घोडं मारलं, हे मावशींना कळेना. आठवडाभर त्यांना धड जेवण जात नव्हतं.

पहिली दोन पोरं शून्य घेऊन गेली. तिसरी चष्मेवाली. ती बसली आणि सगळं विसरली. शेवटी तिने विचारलं, "सासूबाई काय म्हणतात?"

"रोज विचारतात," मावशी म्हणाल्या. तेवढं कागदावर होतं.

"मग तुम्ही काय करता?"

हे कागदावर नव्हतं. अशा वेळी पदरचं घालायचं, हे मावशींना नऊ वर्षांत अंगवळणी पडलं होतं. "उशिरा घरी येते. त्या झोपल्या की मग जेवते. किती दिवस असं काढणार? म्हणून आम्ही खोली बघितली."

मावशींना आपलंच बोलणं ऐकू आलं. सून चार महिने उशिराच येत होती. ऑफिसात काम वाढलंय, असं त्या शेजारणीला सांगत होत्या.

"सासूबाईंना हे माहीत आहे?"

"आता कळलं."

चष्मेवालीने पाण्याचा ग्लास पुढे केला. मावशींनी तिला पैकीच्या पैकी दिले. "एकाही साधनाचं नाव घेतलं नाही तिने," मॅडम म्हणाल्या. "निदान विचारलं तरी," मावशी म्हणाल्या, आणि रजेचा अर्ज न देताच घरी गेल्या.

सून कामावर गेली नव्हती. कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मावशींना बघून तिचा चेहरा नेहमीसारखा बंद झाला. मावशी तिच्याजवळ खाली बसल्या. वाईट वाटत होतं, आणि रागही येत होता, तो कुणाचा ते आता ठाऊक होतं.

"माझ्यामुळे चाललात ना?"

सुनेने हातातली बशी पूर्ण गुंडाळली, खोक्यात ठेवली.

"हो, आई."

दोन वर्षांत तिने मावशींना दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर होतं.