न वाजवलेली नाणी

सुप्याच्या मनकर्णाबाईचा हात म्हणजे तराजू, असं सगळा गाव म्हणायचा, आणि ते ऐकून ती मुळीच लाजायची नाही. पुणे-नगर रस्त्यावर एसटी थांबायची तिथं, चहाच्या हॉटेलाला लागून, लिंबाखाली ती भाजलेल्या शेंगा घेऊन बसायची. हातानं उचलल्या की पावशेर म्हणजे पावशेर. एखादा खोडसाळ गडी त्या शेंगा किराणा दुकानाच्या काट्यावर नेऊन घालायचा आणि मुकाट्यानं परत यायचा. मग ही विचारायची, "काय म्हनला काटा? माझ्याबद्दल बरं बोलला ना?"

दुसरी खोड नाणं वाजवायची. पुढ्यात फुटक्या जात्याची तळी ठेवलेली असायची. हातात आलेला रुपया आधी त्या दगडावर आपटायचा, खणकन वाजला तरच कनवटीला लावायचा. समोर सरपंच असो नाहीतर सख्खा भाऊ. भाऊ एकदा रुसला, तर म्हणाली, "मी पैसा वाजवते, तुला न्हाई वाजवत. तू कशाला फुगतोस?"

अशी ही बाई. तिला कुणी फसवलं असं सुप्यात कुणी ऐकलं नव्हतं.

बांगलादेशाची लढाई संपून दोन महिने झाले होते. माघ चालू होता. तिच्या रतनचं लग्न वैशाखात ठरलं होतं. सोयरे भले होते, त्यांनी एवढंच म्हटलं होतं, की पोरीच्या दोन्ही पायांत चांदीचे तोडे असावेत. मनकर्णाच्या घरात चांदी म्हणजे सासूची वाकी, दहा तोळ्यांची. जोडीतली दुसरी वाटणीत जावेकडं गेली होती. ही एकटी मनकर्णाच्या दंडात राहिली. सोनार रंगनाथ म्हणाला, दोन्ही पायांना शोभतील असे तोडे करायचे तर चौदा तोळे तरी लागतील. तेव्हापासून चार तोळे तिच्या डोक्यात घर करून बसले. शेंगा भाजताना चार तोळे, भाकरी थापताना चार तोळे.

आणि एका सकाळी लिंबाखाली मोठी बस येऊन थांबली. आत सगळी गोरी माणसं. विलायतेहून बोटीनं मुंबईला उतरलेली, वेरूळची लेणी बघायला निघालेली. त्यांच्याबरोबर राधाकृष्ण नावाचा मुंबईचा दुभाष्या होता. "परवा याच वाटेनं परत जायचंय, बोट गाठायचीय," असं हॉटेलवाल्याला सांगून तो चहाला बसला.

एक साठीची गोरी बाई उन्हानं लालेलाल होऊन मनकर्णापुढं आली आणि ओंजळ तोंडाशी नेली. मनकर्णानं तांब्यानं वरून पाणी ओतलं. बाईला असं प्यायची कुठली सवय! अर्धं पोटात, अर्धं पोलक्यावर. दोघी हसल्या. हसता हसता बाईची नजर दंडातल्या वाकीवर गेली. तिनं बोटानं ती हळूच चाचपली आणि पाकिटातून एक नोट काढून पुढं केली.

"कागद नको बाई," मनकर्णानं मान हलवली. "चांदी हाय ही."

बाईला वाटलं, सुटे हवेत. तिनं दोन-तीन नाणी तळहातावर काढली, आणि मनकर्णा पुढं वाकून बघायला लागली. नाण्यावर मुकुट घातलेली बाई! राणीछाप! साहेबाच्या राज्यातला तो एक तोळ्याचा, चांदीचा रुपया. घराघरांतले राणीछाप कधीच वितळून गेले होते. मनकर्णानं एक उचलून हातात जोखला. तोळाभर होता. राणी जरा तरणी दिसत होती, पण राणीच होती की! तिनं बोटांनी "आणखी" अशी खूण केली. बाईनं भाबडेपणानं पाकीट मनकर्णाच्या पदरात उलटं केलं. चौदा निघाली. बरोबर चौदा!

सवयीनं मनकर्णाचा हात जात्याच्या तळीकडं गेला आणि तिथंच थबकला. तिनं नाणं वाजवलं नाही. वाकी उतरवून बाईच्या हातात दिली, चौदा नाणी पदराला गाठली, वर शेंगांचा पुडा फुकट दिला. बस धुरळा उडवत नगरकडं गेली.

दुसऱ्या दिवशी ती रतनला घेऊन रंगनाथ सोनाराकडं गेली. त्यानं नाणं बघितलं, फरशीवर टाकलं. वाजलं, पण चांदीचा नाद नव्हता.

"मनकर्णाबाई, चांदी न्हाई ही. आत्ताच्या राणीचं नाणं हाय, निकेलचं. तिकडं चालतं. हितं हे कोन घेनार? बँकासुद्धा सुटी नाणी घेत न्हाईत." मग त्यानं विचारलं, "नोट न्हाई दिली त्यांनी?"

"दिली हुती. म्याच नको म्हनलं."

"अरारा! ती पुन्याच्या बँकेत बदलून मिळाली असती. राणी त्या कागदावर बी असती की!"

घरी आल्यावर रतन पडवीत टेकली. म्हणाली, "आये, तू सरपंचाचा रुपया वाजवतीस. हे का न्हाई वाजवलं?"

"पावनी हुती. माझ्या हातचं पानी प्याली. तिच्या तोंडावर कसं वाजवायचं?"

रतननं मान डोलावली. पण मनकर्णा पोरीपुढं खोटं बोलली होती, आणि तेच तिला जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी उजाडल्यापासून ती लिंबाखाली बसली. शेंगा भाजल्याच नव्हत्या. बस न थांबता गेली तर? अकराच्या सुमाराला बस आली, आणि थांबली. गोरी बाई मनकर्णाला बघून हसत खाली उतरली. वाकी तिच्या दंडात होती.

मनकर्णानं चौदा नाणी तळीवर मांडली आणि दुभाष्याला हाक मारली. राधाकृष्णाच्या लगेच ध्यानात आलं. "मावशी, तुम्हाला चालत नाहीत ना ही? सांगतो मी तिला, तुझ्यामुळं गरीब बाई फसली म्हणून."

"न्हाई," मनकर्णा म्हणाली. "तसं नगं सांगू. तिला सांग, ही बाई तुला फसवाया गेल्ती. मला वाटलं, नाणी चांदीची हायेत आन् हिला त्याचा पत्ता न्हाई. दहा तोळ्याला चौदा घेतले म्या. दगडावर वाजवून बघनार हुते. पन वाजवलं आन् चांदीचा आवाज हिनं ऐकला, तर परत मागंल, ह्या भ्यानं न्हाई वाजवलं. सगळं सांग. एक शब्द गाळू नकोस."

शेजारी रतन उभी होती. तिनं आईकडं पाहिलं. मनकर्णानं नजर वळवली नाही.

"असलं कशाला सांगायचं, मावशी?"

"सांग म्हनते ना!"

त्यानं सांगितलं. गोरी बाई ऐकत गेली, तिचं हसू मावळलं. मग ती खाली, धुळीतच, मनकर्णापुढं बसली. दंडातली वाकी ओढून काढली आणि मनकर्णाच्या मांडीवर ठेवली. पाकिटातली नोटही शेजारी ठेवली. मनकर्णानं वाकी घेतली. नोट परत केली. चौदा नाणी एकेक करून बाईच्या हातात मोजून दिली. डोळ्यांना पाणी आलं, ते तिनं पुसलंही नाही.

बाई उठेना. तिनं राधाकृष्णाकडून इथला चालता एक रुपया मागून घेतला, मनकर्णापुढं धरला आणि शेंगांच्या टोपलीकडं बोट दाखवलं. टोपलीत तळाला कालच्या चार मुठी होत्या. मनकर्णानं त्या तिच्या रुमालात बांधल्या.

मग तिनं तो रुपया हातात घेतला. एकदा रतनकडं पाहिलं, एकदा पाहुणीकडं, आणि पाहुणीच्या तोंडावर, सगळ्या बसला ऐकू जाईल असा, तो जात्याच्या तळीवर आपटला.

खणकन वाजला.

वैशाखात रतन सासरी गेली तेव्हा तिच्या पायांत पाच-पाच तोळ्यांचे वाळे होते. तोडे नव्हेत. बारीकच, पण दोन्ही पायांत.